गड जागतिक वारशात गेले, पण गडावर जाणारी वाट कुणाच्या ताब्यात?

युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. यात साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड आणि पन्हाळा हे डोंगरावरचे किल्ले आहेत. विजयदुर्ग किनाऱ्यावरचा आहे, तर खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग भर समुद्रातले. बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. राज्यभर पेढे वाटले गेले, समाजमाध्यमांवर भगवे झेंडे फडकले आणि पुढच्याच शनिवार-रविवारी गडांच्या पायथ्याशी गाड्यांच्या रांगा लागल्या.

त्याच पावसाळ्यात दुसरीकडे पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश निघत होते. यादी जाहीर होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १५ जूनला, मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षी ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते. अशी दुर्घटना घडली की काही दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश येतो. धबधबे, धरणांचा परिसर, कड्यांची टोकं आणि काही ठिकाणी गडांच्या वाटाही बंद होतात.

हा आदेश पुण्या-मुंबईकरांना एका रविवारपुरता नडतो. जिंतूरच्या माणसाला तो जास्त महाग पडतो. जिंतूरला रेल्वे नाही. आधी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या परभणीला यायचं, रात्रीच्या गाडीने नाशिकरोड किंवा कल्याण गाठायचं, तिथून पुढे एसटी किंवा जीप. पायथ्याला पोहोचेपर्यंत पाचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, एक रात्र आणि खिशातले बरेच पैसे गेलेले असतात. आणि समोर बांबू आडवा बांधलेला असतो, त्याला कागद चिकटवलेला असतो: प्रवेश बंद.

हा बांबू नेमका कोणी बांधला? त्याला तो अधिकार कुठून मिळाला? आणि जो वाट बंद करू शकतो, तोच ती सांभाळायलाही बांधील आहे का? खरी गोम या शेवटच्या प्रश्नात आहे.

एका वाटेचे किती मालक?

साल्हेरचं उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणमधला हा १,५६७ मीटर उंचीचा किल्ला राज्यातला सर्वांत उंच किल्ला. पायथ्याच्या गावातून निघालं की आधी गावची हद्द लागते. तिथे ग्रामपंचायत आणि शेतकऱ्यांची खासगी जमीन. पुढे चढ सुरू झाला की वनखात्याचं राज्य. वर तटबंदी आणि दरवाजे आले की राज्याच्या पुरातत्त्व खात्याचा फलक दिसतो. म्हणजे दोन-तीन तासांच्या चढाईत माणूस तीन-चार कायद्यांच्या हद्दी ओलांडतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

यादीतल्या बारा किल्ल्यांपैकी आठ केंद्राच्या म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. साल्हेर, राजगड, प्रतापगड आणि खांदेरी हे चार राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. या दोन्ही खात्यांची जबाबदारी वास्तूची आहे. दरवाजा ढासळला, तटाला भेग पडली, टाक्यात गाळ साठला तर ते त्यांचं काम. दरवाजापर्यंत पोहोचवणारी पायवाट बहुतेक ठिकाणी त्यांच्या नकाशात येतच नाही.

वनखात्याचा विचार वेगळा आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागतो आणि प्रवेशाला परवानगी घ्यावी लागते. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. कायद्याच्या नजरेत तिथला गिर्यारोहक हा आधी वनात शिरलेला माणूस असतो. त्याची वाट सुरक्षित ठेवणं हे वनखात्याचं मूळ काम नाही, जंगल राखणं हे आहे. त्यात चूकही काही नाही. पण मग वाट राखायची कुणी, हे कुठेच लिहिलेलं नाही.

बंदीचा अधिकार मात्र स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे जुलै २०२४ पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४, जिल्हा दंडाधिकाऱ्यांना मनाई आदेश काढू देतं. असा आदेश एरवी दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. याशिवाय आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ खाली जिल्हा प्राधिकरणाला रस्ते, परिसर, वाहतूक बंद ठेवता येते. यातलं एकही कलम गिर्यारोहणासाठी लिहिलेलं नाही. दंगल, जमावबंदी, पूर, भूकंप यासाठीची ही हत्यारं. हाताशी दुसरं काही नाही, म्हणून पायवाटेवरही तीच चालवली जातात.

समुद्रात हे वेगळं का आहे?

गंमत अशी की बेटांवरचे किल्ले डोंगरी किल्ल्यांपेक्षा जास्त काळ बंद असतात, तरी त्याबद्दल फारशी ओरड होत नाही. मालवणहून सिंधुदुर्गावर जाणाऱ्या प्रवासी होड्या पावसाळ्यात थांबतात आणि साधारण सप्टेंबरपासून पुन्हा सुरू होतात. हर्णैहून सुवर्णदुर्ग, थळहून खांदेरी, राजपुरीहून जंजिरा, सगळीकडे हेच. गेटवे-मांडवा लाँचसुद्धा पावसाळ्यात बंद. हे वेळापत्रक कोळ्याला ठाऊक असतं, लॉजवाल्याला ठाऊक असतं आणि एकदा फटका बसला की प्रवाशालाही ठाऊक होतं.

याचं एक कारण निसर्गाचं आहे. खवळलेला समुद्र दिसतो, त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. दुसरं कारण व्यवस्थेचं. किनाऱ्यावरच्या प्रवासी जलवाहतुकीला एक धनी आहे. १९९६ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र सागरी मंडळ होडीला परवाना देतं, किती माणसं बसवायची ते ठरवतं आणि हंगाम कधी बंद करायचा तेही सांगतं. बेटावर पाय ठेवल्यावर पुन्हा पुरातत्त्व खातं, दीपगृह विभाग वगैरे हद्दी सुरू होतात. खांदेरीवर तर किल्ला राज्याचा आणि १८६७ सालचं दीपगृह केंद्राचं, अशी विभागणी आहे. पण तिथवर नेणाऱ्या पाण्याच्या वाटेचा जबाब कुणाला विचारायचा, हे ठरलेलं आहे.

धनी असला म्हणून अपघात टळतोच असं नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ जणांचा मृत्यू झाला. बोटीत किती माणसं होती, जीवरक्षक जाकिटं किती होती आणि अंगात किती जणांच्या होती, हे प्रश्न त्या संध्याकाळपासून विचारले गेले आणि नंतर जाकिटं घालण्याची सक्ती झाली. पण इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की प्रश्न विचारायला पत्ता होता. अपघातानंतर घारापुरीची वाट कायमची बंद झाली नाही, नियम कडक झाले. डोंगरात अपघात झाला की नेमकं उलट घडतं.

बेटांची अडचण दुसरीच आहे, ती उतरण्याची. जंजिऱ्यावर शिडाच्या होडीतून उतरणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हलत्या होडीतून दगडी पायरीवर उडी मारली आहे. पंचविशीतल्या पोराला मजा वाटते, सत्तरीच्या आजीला दोन माणसांनी दंडाला धरून ओढून घ्यावं लागतं. संरक्षित स्मारकाभोवतीचे पहिले शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र. शिवाय किनारा नियमन क्षेत्राचे नियम वेगळे. त्यामुळे धक्का बांधायचा म्हटला तर एकेका कागदाला वर्षं लागतात. जागतिक वारशाचं बिरुद लागल्यावर ही परवानगी सोपी होणार नाही, उलट कठीण होईल. हे बहुतेकांच्या ध्यानात अजून आलेलं नाही.

डोंगरातली वाट बेवारशी झाली कशी?

ती पहिल्यापासून तशी नव्हती. कोकण आणि देश यांच्यामधला सह्याद्रीचा कडा उतरणाऱ्या घाटवाटा एकेकाळी राज्याच्या तिजोरीचा भाग होत्या. नाणेघाट हे त्याचं सर्वांत जुनं उदाहरण. सातवाहनांच्या काळात पैठण, जुन्नर आणि तिथून खाली कल्याण, सोपारा अशी ही व्यापाराची वाट. घाटाच्या तोंडाशी कोरलेली लेणी आहेत, त्यात नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, पाण्याची टाकी आहेत आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. गोदावरीच्या खोऱ्यातला माल समुद्राकडे जायचा तो अशाच वाटांनी. म्हणजे मराठवाड्याच्या माणसाने सह्याद्री उतरून कोकणात जाणं ही दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे आणि तेव्हा त्या वाटेवर पाणी, निवारा आणि पैसे घेणारा राखणदार असं तिन्ही होतं.

पुढे गडांचं काम घाटांवर नजर ठेवण्याचंच राहिलं. प्रतापगड पार घाटावर, लोहगड बोर घाटाच्या बाजूला. मग ब्रिटिश काळात गाडीरस्ते झाले, १८६३ मध्ये बोर घाटातून आणि १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे गेली. परभणीहून मुंबईला जाणारी गाडी आजही पहाटे याच थळ घाटातून, म्हणजे कसाऱ्यातून, खाली उतरते. माल आणि माणसं लोखंडी रुळांवर गेली आणि शेकडो पायवाटा मागे राहिल्या. त्यांच्या आजूबाजूची जमीन सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदली गेली. वाट म्हणून नोंद झालीच असेल तर ती गावच्या नकाशावरच्या एका तुटक रेषेपुरती.

त्या वाटांनी चालायचं मात्र कोणी थांबवलं नाही. ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांचा बाजार, शाळा, दवाखाना याच वाटांवर अवलंबून राहिला. गिर्यारोहक फार उशिरा आले. शहरातला माणूस ज्याला ‘ट्रेक रूट’ म्हणतो, तो अनेक ठिकाणी कुणाचा तरी रोजचा रस्ता असतो.

याची सर्वांत भीषण आठवण इर्शाळवाडीची. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या उतारावरची ही ठाकर वस्ती दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मुंबईकर ट्रेकर ज्या वाटेने हौसेने चढायचे, त्याच वाटेने मुसळधार पावसात बचाव पथकं चढली. जेसीबी वर नेता येईना म्हणून हाताने माती उपसावी लागली. मदतीसाठी निघालेला अग्निशमन दलाचा एक जवान चढतानाच कोसळला आणि दगावला. परिसरातल्या गिर्यारोहण संस्थांची पोरं आधीपासून तिथे राबत होती, कारण ती वाट त्यांना अंधारातही ठाऊक होती.

पायवाट सुधारा म्हटलं की ‘हौशी लोकांसाठी सरकारने पैसा का घालावा’ असा प्रश्न येतो. इर्शाळवाडीनंतर तो प्रश्न विचारताना थोडं थांबायला हवं.

पाऊस किती, हे जिंतूरहून का कळत नाही?

परभणी जिल्ह्यात वर्षभरात साधारण आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला २०२१ च्या जुलैमध्ये एका दिवसात ५९४ मिलिमीटरच्या घरात पाऊस नोंदला गेला. म्हणजे जिंतूरचं अर्ध्याहून अधिक वर्ष एका दिवसात. हा फरक आकड्यात कळतो, अंगावर पडेपर्यंत उमजत नाही. ज्याने आयुष्यभर पावसाची वाट पाहिली, त्याला पावसाची भीती कशी वाटणार? ओढा गुडघाभर आहे म्हणून पार केला आणि वर तासभर जोराची सर झाली, तर परतताना तोच ओढा छातीपर्यंत आलेला असतो. जुलै २०२४ मध्ये रायगडावर असंच झालं. ढगफुटीसारखा पाऊस कोसळला, पायऱ्यांवरून धबधब्यासारखे लोट वाहू लागले आणि पर्यटक कठड्यांना धरून उभे राहिले. नंतर पायरीमार्ग काही दिवस बंद ठेवला गेला.

इथे एक साधी माहिती उपयोगी पडते. हवामान विभाग घाटभागासाठी वेगळा इशारा देतो. पुणे शहराला पिवळा असतो तेव्हा ‘पुणे घाट’ला लाल असू शकतो. सातारा, कोल्हापूर, नाशिक यांचंही तसंच. लाल इशाऱ्याचा अर्थ चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे अतिमुसळधार पावसाची शक्यता. मोबाइलवर ‘पुणे’ टाकून हवामान पाहणाऱ्याला हे दिसतच नाही. परभणीहून निघताना जिल्ह्याचं नाव न बघता घाटाचा इशारा बघितला, तर निम्मा निर्णय घरीच होतो.

नोंदणीने प्रश्न सुटला का?

राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. ट्रेक आयोजित करणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, प्रशिक्षित माणसं आणि प्रथमोपचाराची सोय ठेवायची, सुरक्षेचे नियम पाळायचे, असा त्याचा गाभा. धोरण वाईट नाही. पावसाळ्यात एकेका बसमधून पन्नास-साठ जणांना नेऊन एका कोवळ्या पोराच्या हवाली करणारे आयोजक वाढले आहेत, त्यांच्यावर काहीतरी वचक हवाच.

पण हे धोरण नेणाऱ्याला धरतं, वाटेला नाही. पाच मित्र आपल्या आपण निघाले तर ते त्यात बसत नाहीत आणि गडांवरच्या गर्दीत अशा पाच-पाच मित्रांचे घोळकेच मोठ्या संख्येने असतात. २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडाच्या वाटेवर माणसं तासन्‌तास अडकून पडली होती. त्या दिवशी सगळे आयोजक नोंदणीकृत असते तरी पायऱ्यांची रुंदी तेवढीच राहिली असती. हरिहरच्या उभ्या, खोदीव पायऱ्यांवर एका वेळी एकच माणूस चढू किंवा उतरू शकतो. तिथे दिवसाला किती माणसं सोडायची, हा आयोजकाचा प्रश्न नसून वाटेच्या राखणदाराचा आहे.

आणि माणूस अडकलाच तर? सह्याद्रीत सरकारची अशी खास डोंगरी बचाव यंत्रणा नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ आहे, राज्याची तशी दलं धुळे आणि नागपूरला. प्रत्यक्षात पहिला दोर टाकतात ते लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स यांच्यासारखे स्वयंसेवक. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाने त्यांच्यात समन्वयासाठी केंद्रही उभं केलं आहे. ही माणसं आपली नोकरी-धंदा टाकून रात्री-अपरात्री दरीत उतरतात. त्यांची सगळ्यात मोठी अडचण अनेकदा दोराची नसते, पत्त्याची असते. अडकलेला फोनवर सांगतो, ‘एका मोठ्या झाडाजवळ आहोत, समोर धबधबा दिसतोय.’ जुलैमध्ये सह्याद्रीत असं वर्णन कुठल्याही डोंगराला लागू पडतं.

वाटेला धनी मिळाला की काय होतं?

याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैन लेण्यांपर्यंत लोक वर्षानुवर्षं ये-जा करतात. उंची फार नाही हे खरं, पण ते तीर्थक्षेत्र असल्याने तिथल्या वाटेकडे, पाण्याकडे, स्वच्छतेकडे लक्ष देणारं कोणीतरी आहे. राज्यातलं सर्वोच्च शिखर कळसूबाईचं घ्या. १,६४६ मीटरच्या त्या डोंगरावर अवघड टप्प्यांना लोखंडी शिड्या आहेत, कारण वर देवी आहे आणि नवरात्रात तिथे भाविकांची रीघ लागते. देव असला की वाटेला कोणीतरी वाली भेटतो. नुसताच गड असला की ती ज्याची त्याची. राज्यात ३९० हून अधिक किल्ले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना ना केंद्राचं संरक्षण आहे, ना राज्याचं.

सरकारी चौकटीतलं उदाहरणही आहे. साताऱ्याचं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांबरोबर जागतिक वारशात गेलं. फुलं तुडवली जाऊ लागली तेव्हा वनखातं आणि आजूबाजूच्या गावांच्या समित्यांनी मिळून शुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि रोजच्या संख्येची मर्यादा लावली. त्यावर टीका होते, कुंपणावरून वाद झाले, तरी तिथे जाणाऱ्याला घरून निघायच्या आधी कळतं की आपल्याला आत सोडणार की नाही. जमलेल्या पैशातून गावातल्या पोरांना हंगामी काम मिळतं. ज्याला उत्पन्न मिळतं, तो वाट राखतो. संयुक्त वनव्यवस्थापन समित्या इतर काही ठिकाणीही प्रवेश शुल्क घेतात. वनहक्क कायदा २००६ ज्या गावांना सामूहिक हक्क देतो, तिथे ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकारही मिळतो. म्हणजे कायद्यात जागा आहे, गडाच्या वाटांसाठी ती कोणी फारशी वापरलेली नाही.

बाहेरच्या जगातलं सर्वांत जवळचं उदाहरण हाँगकाँगचं म्हणता येईल, कारण तिथेही समुद्राला लागून डोंगर आहेत आणि समोर बेटं आहेत. परभणी जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नसलेला हा प्रदेश. तिथे १९७६ मध्ये कंट्री पार्कसाठी कायदा झाला आणि १९७९ मध्ये शंभर किलोमीटरची मॅकलेहोस वाट खुली झाली. लांताऊ बेटावर सत्तर किलोमीटरची आणखी एक आहे. या वाटांवर दर पाचशे मीटरला एक खांब असतो आणि त्यावर क्रमांक. पाय मुरगळलेल्या माणसाने फोनवर तेवढा क्रमांक सांगायचा, बचाव पथक थेट तिथे येतं. त्यासाठी ना डोंगर फोडावा लागला, ना सिमेंटच्या पायऱ्या कराव्या लागल्या.

हे सांगायचं कारण असं की वाट सुधारणं म्हणजे रेलिंग, पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट, अशी आपल्याकडे समजूत झाली आहे. खरे गिर्यारोहक याच भीतीने सरकारी हस्तक्षेप नको म्हणतात आणि त्यांची भीती अनाठायी नाही. काही गडांवर फरशी आणि सिमेंटने जे केलं आहे ते पाहवत नाही. पण क्रमांकाचा खांब हा विद्रूपीकरणात मोडत नाही. साल्हेर ते सिंधुदुर्ग बारापैकी अकरा किल्ले एकाच राज्यात आहेत आणि जागतिक वारशासाठी व्यवस्थापनाचा आराखडा बंधनकारक असतो. त्या आराखड्यात पायथ्यापासून दरवाजापर्यंतची वाट, तिचा राखणदार आणि रोजची संख्या घातली, तर बाकीच्या शेकडो किल्ल्यांसाठी नमुना तयार होईल. आराखडा तटबंदीपाशीच थांबला तर वर दुरुस्ती होत राहील आणि खाली बांबू बांधला जात राहील.

तोवर जिंतूरहून निघणाऱ्याने काय पाहावं?

पावसाळ्यातली बंदी अचानक येते असं वाटतं, पण ती बहुतेक वेळा अंदाज बांधण्यासारखी असते. जूनअखेर ते ऑगस्ट, त्यातही लाल-नारिंगी इशाऱ्याच्या आठवड्यात आणि कुठेतरी अपघात झाल्यानंतरच्या काही दिवसांत ती हमखास लागते. आदेश त्या त्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर येतो आणि त्यात तो कधीपर्यंत लागू आहे ते लिहिलेलं असतं. समाजमाध्यमांवर फिरणारा कागद अनेकदा गेल्या वर्षीचा असतो, त्यामुळे तारीख बघितलेली बरी. अभयारण्यातल्या वाटांसाठी वनखात्याचा नाका विचारून घ्यावा लागतो. पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे जेवायचं आहे, त्यांना आदल्या दिवशी फोन केला तर खरी परिस्थिती बहुतेक वेळा तिथूनच कळते. बंदीने त्यांचाही रविवार बुडालेला असतो. पिठलं-भाकरीच्या ताटावर आणि गाडी लावायच्या पैशांवर वर्षाचा बराचसा खर्च भागवणारी घरं गडांच्या पायथ्याशी बरीच आहेत आणि कोणत्याही मनाई आदेशात त्यांच्या नुकसानीचा उल्लेख नसतो.

घाटवाटा आणि कड्याच्या वाटांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ जास्त भरवशाचा. ओढे उतरलेले असतात, टाक्यांत पाणी असतं आणि दगड कोरडा असतो. समुद्रातल्या किल्ल्यांचंही तसंच. होड्या सप्टेंबरमध्ये सुरू झाल्या तरी पहिल्या काही दिवसांत भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर फेऱ्या अवलंबून राहतात, म्हणून सुवर्णदुर्ग किंवा खांदेरीसाठी एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत निघालेल्याला परभणीहून रात्रीची गाडी, पुढे कोकणात एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळच्या शांत पाण्यात बेट आणि परतीला सह्याद्रीतला एखादा सोपा गड, एवढं चार दिवसांत बसतं. त्या दिवसांत गाडीचं आरक्षण मात्र आधीच भरलेलं असतं.